आईचा डावा पाय: लकव्यानंतरच्या नोंदी, मानेवाडा, नागपूर

११ जानेवारी २०२४ ला पहाटे आईला लकव्याचा अटॅक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, डावं अंग गेलं. झोपेतच झालं त्यामुळे नेमकं किती वाजता ते कोणालाच सांगता येईना आणि गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे साडेचार तास हातातून गेले. बोलणं शाबूत राहिलं. हात आणि खांद्याचं कधीतरी वेगळं लिहीन, या नोंदी फक्त पायाच्या, त्यातही घोट्याच्या खालच्या, कारण आमचे सगळ्यात जास्त दिवस आणि पैसे तिथेच गेले आणि मी रात्र रात्र शोधत होते तेव्हा घरच्या माणसाने मराठीत लिहिलेलं काही मला मिळालं नाही. आई ६१ वर्षांची, ब्लाऊज शिवते, पायाच्या मशीनवर, चाळीस वर्षं झाली. बीपीची गोळी मधेमधे सोडत होती. ते सोडणं आता बंद, गोळ्यांचा डबा माझ्याकडे आहे.

२४ जानेवारी

धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणलं. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी "फिजिओथेरपी चालू ठेवणे" एवढंच. निघताना दहा मिनिटांत पाच-सहा व्यायाम दाखवले, मी मोबाईलमध्ये शूट केले, पण त्यात माझाच हात मधे आलाय आणि पाय दिसतच नाही. तुम्ही शूटिंग कराल तर दुसऱ्या कोणाला तरी करू द्या, स्वतः पाय धरा.

पाय कसा आहे ते लिहून ठेवते. पलंगावर झोपली की पंजा खाली लोंबतो आणि आतल्या बाजूला वळतो. "वर उचल" म्हटलं की आई सगळा जोर लावते, मान ताणली जाते, पाय जागचा हलत नाही. "माह्या पायाले ऐकूच जात नाही वो," म्हणाली.

शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून पलंगाच्या टोकाला फळी लावली, तळपाय टेकून सरळ राहील म्हणून. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं.

२ ते १८ फेब्रुवारी

मामाने काटोलहून ओळखीचा मालिशवाला पाठवला. रोज तासभर, तिळाचं तेल कोमट करून, पिंढरी रगडायची आणि शेवटी पायाची बोटं धरून पंजा झटक्याने वर ढकलायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी झटका दिल्याबरोबर पंजा थरथरायला लागला, धडधड धडधड, थांबेचना. घरभर आनंद. "पाय जागा झाला" म्हणून मामाला फोन केला, आईच्या डोळ्यात पाणी. मग रोज ते थरथरणं मुद्दाम आणायचं, किती वेळ चालते ते बघायचं.

१६ दिवस, दिवसाचे ३०० म्हणजे ४,८००. पैशाचं दुःख नाही, त्या सुरुवातीच्या दिवसांचं आहे.

१९ फेब्रुवारी

फिजिओ मॅडम पहिल्यांदा घरी आल्या, व्हिजिटचे ४५०, आठवड्यातून तीनदा ठरलं. मी मोठ्या उत्साहाने थरथरणं दाखवलं. त्या आईसमोर काही बोलल्या नाहीत. मला बाहेर ओट्यावर नेऊन सांगितलं की याला क्लोनस म्हणतात, हे पाय जागा झाल्याचं लक्षण नाही. मेंदूचा लगाम सुटला की पिंढरीचा स्नायू झटक्याने ताणल्याबरोबर स्वतःच आखडतो, सुटतो, परत आखडतो, आणि आपण रोज झटके देऊन तेच चाळवत होतो. पंजा खाली ओढणारी पिंढरी आधीच जोरात आहे, वर उचलणारा नडगीच्या बाजूचा स्नायू गप्प आहे. फळीने पण तेच होत होतं, चवडा टेकला की आईचा पाय फळीला दाबायचा, म्हणजे पुन्हा खालचीच ताकद. फळी त्याच दिवशी काढली.

मग त्यांनी ताण कसा द्यायचा ते माझ्याकडून करून घेतलं, सात-आठ वेळा, चुकले की परत. हे नीट लिहिते कारण व्हिडिओ बघून मला हे कळलं नव्हतं.

बोटं धरायचीच नाहीत. उजव्या हाताच्या तळव्यात आईची टाच बसवायची, बॉल पकडावा तशी, बोटांनी टाचेचं हाड मागून धरायचं. माझा कोपरापर्यंतचा हात आपोआप तिच्या तळपायाला लागतो. आधी टाच माझ्याकडे ओढायची, म्हणजे घोट्याच्या मागची जाड शीर लांब होते, आणि मग हाताने न ढकलता माझं अंग पुढे झुकवायचं, त्याने तळपाय हळूच वर जातो. इतकं हळू की तिला कळलं पण नाही पाहिजे. तीस आकडे मोजायचे. एकदा गुडघ्याखाली उशी देऊन, एकदा गुडघा सरळ ठेवून, कारण पिंढरीत दोन स्नायू आहेत, एक गुडघ्याच्या वरून येतो आणि एक खालून, गुडघा सरळ नसेल तर वरचा ताणला जातच नाही. थरथर सुरू झाली तर घाबरून सोडायचं नाही, गुडघा वाकवायचा आणि टाचेतून दाब स्थिर ठेवायचा, दहा-पंधरा सेकंदांत थांबते.

बोटं धरून ढकललं तर काय होतं तेही दाखवलं. बाहेरून वाटतं पंजा वर गेला, पण पाय मधल्या भागातून वाकतो, टाच आहे तिथेच राहते. आम्ही १६ दिवस पाय मधून वाकवत होतो.

२७ फेब्रुवारी

वजनकाट्याचा प्रयोग. आईला खुर्चीतून उठवताना मॅडम सारखं म्हणायच्या, डाव्या पायावर भार नाही. आई म्हणे देऊन राहिली न. म्हणून आमचा काटा आणि काकूंचा काटा शेजारी शेजारी ठेवला, एक पाय एकावर, एक दुसऱ्यावर, पलंगाला धरून उभी केली, मी मागून पट्टा धरला. आईचं वजन ५८. उजवीकडे ४५, डावीकडे १३. आईने स्वतः आकडा वाचला आणि गप्प झाली.

दोन काट्यांत दीड किलोचा फरक निघाला, त्यामुळे बदलून परत केलं. दोन्ही काटे सारख्या उंचीचे पाहिजेत, नाहीतर कंबर एका बाजूला कलते आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

यातून उठायची पद्धत बदलली. डावा पाय थोडा मागे, गुडघ्याच्या खाली येईल असा, उजवा किंचित पुढे, म्हणजे भार डाव्यावर जायलाच पाहिजे. आणि उठायच्या आधी विचारायचं: टाच टेकली काय? टाच अधांतरी असेल तर उठायचंच नाही. दिवसातून ४० वेळा, चार खेपांत मिळून. खुर्चीवर दोन उशा ठेवून सुरुवात केली, उंच बसलं की उठणं सोपं जातं, मग एकेक उशी काढत गेलो.

९ मार्च

चालताना बोटं घासतात. पाय उचलायला ती कंबर वर ओढते आणि पाय बाहेरून गोल फिरवून आणते. मॅडम म्हणाल्या स्प्लिंट लागेल, म्हणजे पंजा लोंबू न देणारा प्लास्टिकचा आधार, एएफओ म्हणतात त्याला, माप देऊन करून घ्या. दादाने ऑनलाइन तयार मिळतो तो मागवला, ८४९ ला, दोन दिवसांत आला. मीच म्हटलं होतं की आधी स्वस्तातला बघू.

१६ मार्च

संध्याकाळी मोजा काढला तर बाहेरच्या घोट्यावर रुपयाएवढा फोड, फुटलेला. आईला काहीच जाणवलं नाही, तिचा तो भाग बधिर आहे. हे मला माहीत होतं आणि तरी मी दिवसभर काढून बघितलं नाही. तिच्या पायापुढे बसून मला खूप रडू आलं, आईच मला समजावत होती.

चूक काय झाली ते दुसऱ्या दिवशी शांतपणे बघितलं. स्प्लिंट एक साईज मोठा होता, आणि घोट्यावरून टाच मागे दाबून ठेवणारा तिरका पट्टाच त्याला नव्हता, फक्त पिंढरीवर एक. म्हणून टाच आत बसत नव्हती, प्रत्येक पावलाला वर सरकायची आणि घोटा प्लास्टिकच्या कडेला घासायचा. शुगर नाही म्हणून लवकर भरलं तरी १२ दिवस चालणं बंद. शुगरवाल्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

याच सुमारास माझी अजून एक चूक होता होता राहिली. पाय थंड पडतो म्हणून मी गरम पाण्याची पिशवी लावायला काढली होती, मॅडमनी हातातून घेतली. बधिर पायाला शेक नाही. कातडी भाजेल आणि तिला कळणार नाही.

२८ मार्च ते ६ एप्रिल

मेडिकल चौकाकडे एका स्प्लिंट बनवणाऱ्याकडे गेलो. पायावर मोजा चढवून त्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या, घोटा काटकोनात धरून. तो माणूस प्लास्टर सुकेपर्यंत टाच एका हाताने धरून बसला होता तेव्हाच मला विश्वास वाटला. नऊ दिवसांनी मिळाला, ४,२००. पांढरं प्लास्टिक, पिंढरीच्या मागून तळपायापर्यंत एकसंध, घोट्यावरून तिरका पट्टा. एका जागी कड लागत होती ती त्याने तिथेच गरम करून बाहेर वाकवून दिली, पैसे घेतले नाहीत.

पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत न्यायचं. काढल्यावर पाय आरशाने सगळीकडून बघायचा. लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर स्प्लिंट बंद आणि परत त्याच्याकडे. आत सुती मोजा, सुरकुती नको.

आता बुटांचं. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. स्प्लिंट घालून नुसतं चालायचं नाही, प्लास्टिक फरशीवर सटकतं, वर बूट पाहिजेच, एक नंबर मोठा, आतला सोल काढून, वेल्क्रोवाला, आणि दुसऱ्या पायातही तोच बूट, नाहीतर एक पाय उंच होतो. आणि आमच्या घरात बूट दाराच्या आत येत नाहीत. आई म्हणाली मी चालणार नाही पण स्वयंपाकघरात बूट घालणार नाही, देवघराचं तर नावच काढू नको. दोन दिवस यावर बोलणं झालं, आवाज पण चढले. मी म्हणत होते पडशील, ती म्हणत होती चाळीस वर्षांत केलं नाही ते आता करू काय.

शेवटी असं ठरलं. नवा कोरा जोड, १,२५० चा, त्याचं तळ कधीच उंबऱ्याच्या बाहेर टेकवायचं नाही, घरातच घालायचा आणि घरातच ठेवायचा. बाहेरसाठी जुन्या बुटांचा वेगळा जोड. आणि देवासमोर बूट नाहीच, देवघराच्या दारात खुर्ची, तिथे बसून बूट-स्प्लिंट काढायचं, बसूनच पूजा. तिने हे मान्य केलं. तुमच्या घरी पण हा प्रश्न येणार, तर स्प्लिंटची ऑर्डर द्यायच्या आधीच माणसाशी बोलून घ्या, नंतर चार हजाराची वस्तू कपाटात पडून राहते. मॅडमनी सांगितलं की असे कपाटात पडलेले स्प्लिंट त्या घरोघरी बघतात.

११ एप्रिल

आज ही नोंद मोठ्या अक्षरात लिहावी वाटते. मॅडम आईला झोपवून गुडघा पोटाकडे घ्यायला सांगत होत्या आणि मांडीवर हात ठेवून विरोध करत होत्या, "ढकला आई मला, ढकला." तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी मला खूण केली. घोट्याच्या पुढच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत, कातडीखाली दोरीसारखी शीर वर आली. अर्धा सेकंद. परत केलं, परत आली. पंजा बोटभर वर.

गुडघा न वाकवता येत नाही अजून. सुरुवातीला सगळा पाय एका गाठोड्यासारखा हलतो, मांडी-गुडघा-घोटा एकदमच, म्हणून तिथूनच पकडायचं आणि हळूहळू घोटा सुटा करायचा असं त्या म्हणाल्या. थरथरण्याच्या वेळी रडलो होतो म्हणून यावेळी मी आधी विचारलं, हे खरं आहे ना? खरं आहे म्हणाल्या.

१९ एप्रिल

लोकसभेचं मतदान. आईने महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं की खुर्चीवर बसून जाणार नाही. शाळेच्या फाटकापर्यंत गाडी, तिथून खोलीपर्यंत चालत. स्प्लिंट, बूट, उजव्या हातात चार पायांची काठी, डावीकडे मी. काठी चांगल्या हातातच धरायची, आमच्याकडे बघून दोघा-तिघांनी रस्त्यात "कमजोर बाजूला द्या" असं सांगितलं, ते ऐकू नका. पाच पायऱ्या होत्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. सगळं मिळून ५० मिनिटं लागली, गरमीने दोघीही घामाघूम. रांगेतल्या लोकांनी पुढे जाऊ दिलं. डाव्या हाताच्या बोटाला शाई लावताना तिने स्वतः उजव्या हाताने डावा हात उचलून टेबलावर ठेवला.

दुसरे दोन दिवस पाय ताठ झाला, थकल्यावर आखडलेपणा वाढतो. दोन दिवस फक्त ताण आणि आराम.

१ मे

गल्लीत खडूने १० मीटर आखले, काकूंच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत. ४४ सेकंद. मॅडमनी सांगितलं की सेकंदाला ०.४ मीटरच्या खाली माणूस घरापुरताच चालतो, ०.८ च्या वर गेला की बाहेर बऱ्यापैकी मोकळा फिरतो. आई ०.२३ वर आहे. दर महिन्याच्या आसपास मोजायचं ठरलं, रोज नाही, रोज मोजलं की चांगला-वाईट दिवस बघून जीव खालीवर होतो.

मे, बाकीचा

४४-४५ डिग्री. प्लास्टिकच्या आत घाम, मोजा पिळून निघावा असा. पिंढरीवर घामोळं आलं. उपाय: दिवसातून तीन मोजे, स्प्लिंट सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ७ नंतर, दुपारी नुसतं ताण आणि बसून व्यायाम. पावडर टाकू नका, घामाबरोबर लगदा होऊन आणखी घासते, हे करून बघितलं आहे.

२३ मेला आई पडली. कूलरच्या टाकीतून पाणी झिरपून फरशीवर आलं होतं आणि ती रात्री स्प्लिंट न घालता चप्पल घालून उठली, मला न उठवता. चप्पल तर पायात राहतच नाही, बोटांनी पकडावी लागते आणि तिची बोटं पकडत नाहीत. नशिबाने पलंगावरच आदळली. मांडीला काळंनिळं, हाड ठीक, एक्स-रे ४००. कूलर दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर स्टँडवर गेला, टाकीचं गळतं छिद्र एम-सील लावून बंद केलं, आणि रात्रीसाठी मागे पट्टा असलेली सँडल पलंगाशीच ठेवली. तिने चालायची भीती धरली ती पुढचे तीन आठवडे. जखमेपेक्षा ती भीती महाग पडली.

१४ जून

मॅडम म्हणाल्या आता मशीनने नडगीचा स्नायू चेतवू, घरी ठेवलं तर रोज करता येईल. एका सर्जिकल दुकानात गेले, "फिजिओची करंटची मशीन द्या" म्हटलं, १,६०० ची घेऊन आले. मॅडमनी बघितलं तर ती टेन्स, दुखणं कमी करायची. तिने मुंग्या येतात, पंजा उचलत नाही. दुकानदार परत घेईना, पॅड उघडले होते. चूक माझीच, मॅडमकडून कागदावर लिहून न्यायला पाहिजे होतं.

३ जुलै

बरोबर मशीन आली, स्नायूंची, ५,८०० ला. आईला पेसमेकर नाही, फिट कधी आली नाही, हे मॅडमनी आधी विचारून घेतलं. असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

एक पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाडाचं बोंड लागतं त्याच्या जरा खाली-मागे, दुसरा नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला चार बोटं खाली. आमचं सेटिंग ३५ हर्ट्झ, ५ सेकंद चालू, १० सेकंद बंद, पंधरा मिनिटं. पहिल्यांदा लावलं तेव्हा पंजा उचलला पण आत वळला, भीक मागणाऱ्या हातासारखा तळपाय आत. वरचा पॅड अर्धा बोट मागे सरकवला आणि पंजा सरळ वर आला. ती जागा बॉलपेनने गोल करून ठेवली, आंघोळीनंतर रोज परत गिरवायची.

मुख्य गोष्ट ही की मशीनने पाय उचलला की आईने पण त्याच क्षणी उचलायचा. टीव्ही बघत नुसतं लावून ठेवायचं नाही. पहिले दोन आठवडे मी तसंच केलं होतं, स्वयंपाक करता करता, आणि मॅडमना लगेच कळलं.

१० जुलैला गल्लीत २९ सेकंद.

८ ऑगस्ट

नवीन अडचण. पाय उचलतो आहे पण उभी राहिली की बोटं आत वळून जमीन पकडतात, नखं टोचतात, दुखतं. ताण देऊन सुटेना. न्यूरोच्या डॉक्टरांनी पिंढरीत आणि बोटांच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलं. आम्हाला सगळं मिळून २२,००० लागले. दादाने आणि मी अर्धे अर्धे केले. घ्यायच्या आधी आम्ही आठवडाभर विचार केला, कारण असर साधारण तीन महिन्यांचाच.

ज्यांना हे सुचवलंय त्यांना एकच सांगते, इंजेक्शनने पाय चालत नाही, ते फक्त आखडणाऱ्या स्नायूला सैल करतं आणि तेवढ्या काळात तुम्हाला उलट बाजूचं काम करून घ्यावं लागतं. आठ-दहा दिवसांनी पिंढरी हाताला मऊ लागायला लागली. आम्ही त्या काळात फिजिओ आठवड्यात पाच दिवस केलं, तीन दिवस मॅडम आणि दोन दिवस मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, फिजिओथेरपी सेंटरला. एका पायरीवर डावा पाय ठेवून वर चढणं, उलटं चालणं, भिंतीला धरून आडवं चालणं, आणि तीच तीच टाच. उलटं चालताना आधी चवडा आणि मग टाच मुद्दाम दाबून टेकवायची, ते तिला सरळ चालण्यापेक्षा लवकर जमलं.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. गल्लीतली पोरं लाकडाचे बैल सजवून दारोदार. आई दारात उभी राहिली, काठी चौकटीला टेकवून ठेवलेली, उजव्या हाताने पाकिटातून दहा-दहाच्या नोटा काढून एकेकाला बोजारा देत होती. मी मागे उभी होते हात पुढे करून. अकरा पोरं झाली. एवढा वेळ ती काही न धरता उभी होती हे तिला पोरं गेल्यावर कळलं.

रात्री काट्यांवर उभी केली. डावीकडे २५, उजवीकडे ३३.

१५ सप्टेंबर

२२ सेकंद. ०.४५. घरापुरतीच्या रेषेच्या बाहेर आली.

२९ सप्टेंबर ते ऑक्टोबर

शिलाई मशीनची गोष्ट. आई कधीची म्हणत होती मशीनवर बसू दे. मॅडमना विचारलं, त्या येऊन आधी मशीनचं पायडल बघून गेल्या, हाताने हलवून. पायडल मधोमध आसावर फिरतं, चवडा दाबला की टाच वर येते, टाच दाबली की चवडा वर. म्हणजे टाचेने दाबलं तर पंजा वर उचलायची हालचाल पायडलच करून देतं. पण चवड्याने जोर लावला तर तीच जुनी पिंढरी चाळवणार. म्हणून अटी: पट्टा काढून ठेवायचा, सुई काढायची, चाक मोकळं, दोन्ही पाय पूर्ण पायडलवर, टाच धरून. आईच्या खुर्चीची उंची दोन इंच वाढवली, गुडघा काटकोनाच्या थोडा बाहेर आला तेव्हा टाच बसली. पावलं सरकू नयेत म्हणून पायडलवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बांधला.

पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा फिरवलं आणि क्लोनस सुरू, पायडल खडखडायला लागलं. थांबलो, भार टाचेवर, परत. हळू. तिसऱ्या दिवशी दोन मिनिटं. बारा-तेरा दिवसांनी दसऱ्याला मशीनची पूजा केली आणि तिने दहा मिनिटं चालवली, उजवा पाय जास्त काम करतो हे खरं, पण मी तिच्या घोट्यावर बोटं ठेवून बघितलं, ती दोरीसारखी शीर दर फेरीला वर येत होती. गुडघा जागेवर असताना. एप्रिलमध्ये हे होत नव्हतं.

पायाला जे काम चाळीस वर्षं माहीत आहे ते त्याला लवकर आठवतं असं मला वाटतं. हे माझं मत आहे, मॅडम यावर फक्त हसल्या. तुमच्या घरच्या माणसाचं वेगळं काम असेल, पण कोणतंही असो, आधी फिजिओला ती वस्तू प्रत्यक्ष दाखवा.

१० नोव्हेंबर

१९ सेकंद. वेग आता कमी-कमीच वाढतो आहे, पहिल्या तीन-चार महिन्यांसारखी उडी नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. इंजेक्शनचा असर उतरत चालला, बोटं परत थोडी वळतात. परत घ्यायचं का ते डिसेंबरात डॉक्टर बघतील.

इथपर्यंत फक्त पायावर झालेला खर्च, लोक विचारतात म्हणून: मालिश ४,८००, दोन स्प्लिंट ५,०४९, बूट १,२५०, दोन मशीन ७,४००, इंजेक्शन २२,०००, घरच्या व्हिजिट सव्वाशेच्या आसपास म्हणजे साधारण ५६,०००. यातला मालिश, पहिला स्प्लिंट आणि टेन्स मिळून ७,२४९ पूर्ण वाया. वेळेचे म्हणाल तर १६ दिवस, १२ दिवस आणि पडल्यानंतरचे तीन आठवडे.

१६ नोव्हेंबर

स्प्लिंटचा तिरका पट्टा गेला. वेल्क्रो रोज चार वेळा उघडून-लावून झिजलं, चालताना करकर सुटायचं आणि टाच वर यायची. स्प्लिंटवाल्याने ३०० सांगितले, चार दिवस ठेवावा लागेल म्हणाला. चार दिवस स्प्लिंटशिवाय नको म्हणून आम्ही अजनी चौकातून मेट्रोने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो, आई पण आली, लिफ्टने वर, लिफ्टने खाली. दारात प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या मधल्या फटीपाशी ती थांबली, खाली बघितलं, चांगला पाय आधी टाकला. वेल्क्रो आणि बॅगेच्या पट्ट्याची नाडी, दीड मीटर, ७० रुपये. येताना आंबिया बहाराची संत्री घेतली, पिशवी तिने स्वतःच्या खांद्याला लावली.

संध्याकाळी मी जुना पट्टा उसवला, माप घेतलं, आईने मशीनला पट्टा चढवायला सांगितला, खरा, आणि १८ नंबरची सुई. मी कापड धरलं, कारण डावा हात अजून तेवढा चालत नाही. तिने पायडलवर पाय ठेवले, खाली बघितलं आणि स्वतःशीच म्हणाली, "टाच टेकली." मग चाक हाताने फिरवून दिलं. दोन ओळी टाके घातले, एक थोडी वाकडी गेली, ती उसवू दे म्हणाली आणि परत घातली. रात्री तोच पट्टा लावून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली, टाच हलली नाही.